गब्दूसाठी केलेलं खोकं

मिस्तरींना लोक टकटक मिस्तरी म्हणायचे, आणि त्यात लोकांची काही चूक नव्हती. समोर लाकूड दिसलं की ह्या माणसाच्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळायची आणि मधल्या बोटाचं पेर त्यावर दोनदा वाजायचंच. दार, कपाट, दुकानाचं फळकूट, बँकेतलं काउंटर. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथला पलंगसुद्धा सुटला नाही. वाजवून झालं की मान तिरकी करून जरा थांबायचे आणि निकाल द्यायचे. व्याह्यांकडे म्हणाले, "दिसायला दणकट, पण आतून पोकळ." हे पलंगाबद्दल होतं की व्याह्यांबद्दल, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मिस्तरीणबाईंनी मात्र घरी आल्यावर चांगलंच फैलावर घेतलं.

धंदा लाउडस्पीकरच्या खोक्यांचा. स्पीकर कुठल्याही कंपनीचा असो, तो ज्या लाकडी खोक्यात बसतो ते नीट जमलं नाही तर आवाज घरघरतो आणि गाणं ऐकायच्या लायकीचं राहत नाही. मिस्तरी तेहतीस वर्षं ती खोकी करत होते. तळमजल्यावर कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन करवती, कामाचं एक जुनं टेबल, सरसाचे डबे आणि कोपऱ्याकोपऱ्यात साठलेला भुसा. वरच्या घराची लाकडी जमीन त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेली, फळीला फळी इतकी घट्ट की मधून नख जाणार नाही. खोक्यात एखादा स्क्रू सैल राहिला तर मिस्तरी जिना चढताचढता ओळखतात, अशी त्यांच्या कानाची ख्याती होती. ती ख्याती बरीचशी त्यांनीच पसरवली होती, पण खोटी नव्हती.

त्या कानानेच घात केला.

मिस्तरींना एकुलती एक लेक. जावई पुलांच्या कामावर क्रेन चालवायचा. आज ह्या नदीवर, सहा महिन्यांनी त्या, अशा माणसामागे तान्हं पोर घेऊन हिंडणार तरी कुठे? म्हणून लेक बाळंतपणाला आली ती इथेच राहिली. जावई महिन्यातून दोनदा यायचा, मुलीला उचलायचा, मुलगी रडायची, मग रविवारी संध्याकाळी तिला त्याची जरा सवय होईपर्यंत ह्याची गाडीची वेळ व्हायची. लेक औषधांच्या दुकानात कामाला जायची. नात दिवसभर आजीआजोबांच्या गळ्यात. नातीचं कागदोपत्री नाव चांगलं लांबलचक होतं, पण तिचे गाल आणि पोट बघून पहिल्याच महिन्यात सगळे तिला गब्दू म्हणायला लागले, आणि ते नाव तिने आपल्या वजनाने टिकवलं.

पहिला वाढदिवस जवळ आला तसं लेकीने फर्मान काढलं. "विकतचं खेळणं कुणी आणायचं नाही. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं." तिने फोनवर शंभर चित्रं बघितली होती. कापडाची पानं असलेलं पुस्तक, मोज्यातून केलेली जनावरं, लाकडी ठोकळे, डब्याच्या झाकणाला भोक पाडून त्यातून ओढायच्या फिती. स्वतः तिने कापडी पुस्तक शिवायला घेतलं. मिस्तरीणबाईंनी जावयाच्या जुन्या मोज्याचा हत्ती केला. त्याची सोंड इतकी जाड झाली की हत्तीला तोंड कुठल्या बाजूला आहे हे सांगावं लागायचं. गब्दूला काही अडचण आली नाही. तिने सोंड तोंडात घातली आणि प्रश्न मिटवला.

"तुम्ही काय करणार, बाबा?" लेकीने विचारलं.

"खुळखुळा."

"खुळखुळा पाळण्यातल्या बाळाला देतात. ही आता उभी राहते."

"माझा खुळखुळा बघ तरी, मग बोल."

मिस्तरींनी हलक्या लाकडाचा गोळा आतून कोरून कागदासारखा पातळ केला, त्यात वाळक्या बिया भरल्या. आवाज असा आला की कारखान्यातला पॉलिशवाला काम सोडून बघायला आला. वाढदिवसाची वाट बघण्याइतका धीर मिस्तरींकडे कधीच नव्हता. ते खुळखुळा घेऊन जिना चढले, गब्दूच्या पाठीमागे उकिडवे बसले आणि हलवला. गब्दू हत्तीची सोंड चघळत होती. तिने मान वळवली नाही. त्यांनी पुन्हा हलवला. मिस्तरीणबाई खुदकन हसल्या.

मिस्तरींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बियांत दम नाही," म्हणाले आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी खडे भरलेला खुळखुळा आला. तिसऱ्या दिवशी छर्ऱ्यांचा. चौथा तर पितळेच्या गोळ्या घालून केला, तो खाली वाजवला तर वर स्वयंपाकघरात ऐकू यायचा. गब्दू चारही खुळखुळ्यांकडे पाठ करून बसली. दुसऱ्या एखाद्या माणसाने अशा वेळी मुलीकडे बघितलं असतं. मिस्तरी खुळखुळ्याकडे बघत राहिले. तेहतीस वर्षांत आवाज नीट पोचला नाही तेव्हा दरवेळी दोष त्यांच्या खोक्यातच निघाला होता, ऐकणाऱ्यात कधीच नाही.

मुलीकडे बघत होती ती तिची आई. गब्दूला अकरावा महिना चालू होता. एक दिवस भांडी विसळताविसळता, नळ चालूच ठेवून, लेक म्हणाली, "बाबा, मला एक भीती वाटतेय. हिला ऐकू येत नसेल तर?"

"काहीतरीच तुझं."

"मिक्सर लावला तरी दचकत नाही. मागे बबबब, ममम करायची, ते पण बंद झालंय. जन्मली तेव्हा कानाच्या तपासणीचं मशीन बिघडलं होतं, नंतर आणा म्हणाले, आपलं राहूनच गेलं. मी डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. गुरुवारची वेळ मिळालीये."

मिस्तरीणबाईंनी ओट्यावर फडकं आपटलं. "अगं, तूसुद्धा उशिरा बोललीस. आणि एकदा लागलीस ती अजून थांबली नाहीस. कोवळ्या पोरीच्या कानात नळ्या घालायला निघालीये!"

मिस्तरींच्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं होतं. आपल्या घरात, आपल्यासारखा कान असताना, आपल्या नातीला ऐकू येतं की नाही हे कुणी तिऱ्हाईत बाई मशीन लावून सांगणार? त्यांना ती लेकीची भीती वाटलीच नाही, स्वतःचा अपमान वाटला. माणूस वाईट नव्हता हो. पण कौतुकाची सवय लागलेल्या माणसाला शंका घेणं जमत नाही.

बुधवारी दुपारपर्यंत त्यांनी खोकं तयार केलं. गुडघ्याएवढं उंच, बाजूंना जाड लाकूड, वर ताणून बसवलेली पातळ फळी, पुढे हवेला वाट म्हणून वाटीएवढं गोल भोक. कडा गोल घासलेल्या, की गब्दूला कुठे खरचटू नये. खाली चार लाकडी पाय. वर तळहाताने मारलं की असा भरीव धप्प आवाज यायचा की तो आधी पोटात कळायचा आणि मग कानात.

लेक नेमकी दुपारी जेवायला घरी आलेली होती. मिस्तरींनी खोकं गब्दूच्या पाठीमागे चार हातांवर ठेवलं, सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि हात उचलला.

धप्प.

गब्दूच्या तोंडातली सोंड निसटली. ती एकदम थांबली, मग बसल्याबसल्या सबंध वळली, खोक्याकडे बघितलं आणि दोन दात दाखवून हसली. मिस्तरींनी तिला पुन्हा पाठमोरी बसवली. धप्प. ती वळली. पाच वेळा मारलं आणि पाचही वेळा वळली. शेवटी तर त्यांनी हात उचलायच्या आधीच हसायला लागली.

लेकीचा जीव भांड्यात पडला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मिस्तरीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणत स्वतःही रडत होत्या.

"झालं समाधान?" मिस्तरी म्हणाले. "तिला हलका आवाज आवडत नाही, एवढंच. दमदार आवाज लागतो. माझ्यावर गेलीये."

लेकीने तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. गुरुवारची वेळ नको, आता गरज वाटत नाही, म्हणाली. बोलताना तिने एकदा वडिलांकडे बघितलं, आणि मिस्तरींनी मान हलवली. ती हलवलेली मान पुढे त्यांना उभ्या आयुष्याला पुरली.

वाढदिवसाला खोकं हीच सगळ्यात मोठी भेट ठरली. कापडी पुस्तक बाजूला पडलं आणि हत्तीची सोंड उसवली. मिस्तरी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढून बसले. एकामागून एक खेळणी जिना चढायला लागली. चाकांचे आस मुद्दाम मध्यापासून सरकवलेलं बदक, ते ओढलं की धडधडत, डुगडुगत चालायचं. खुंट्या ठोकायचा छोटा बाक. एक बुटकं स्टूल, त्याच्या पोटात पोलादाची पट्टी, बसलं की झणझणायची. गब्दूला सगळं आवडायचं. खोक्यावर तर तिचा इतका जीव की ती त्याला मिठी मारून बसायची, गाल टेकवायची, हनुवटी टेकवायची, कधीकधी कडेवर दात रोवून ठेवायची आणि आजोबांनी वाजवलं की डोळे मिटून घ्यायची.

"कान लावून ऐकते," मिस्तरी कारखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. एका गिऱ्हाइकाने आपल्या मुलासाठीही तसंच खोकं मागितलं. मिस्तरींनी चक्क नाही म्हटलं. ते फक्त नातीसाठी होतं.

ती कान लावत नव्हती. गाल लावत होती, हनुवटी लावत होती, दात लावत होती. हे रोज डोळ्यांसमोर होत होतं. पण आपलंच काम बघून सुखावलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार?

असे आठ महिने गेले. गब्दू चालायला लागली, पळायला लागली, कपाटावर चढायला लागली. बोलली मात्र नाही. मधूनमधून लेक म्हणायची, "अजून साधं आई म्हणत नाही." मग मिस्तरी उठायचे, खोकं वाजवायचे, गब्दू वळायची, आणि लेक गप्प व्हायची. तिला पुन्हा दवाखान्याचं नाव काढायची लाजच वाटायची, कारण घरात त्यावरून थट्टा ठरलेली होती. "आली आमची डॉक्टरीण," मिस्तरीणबाई म्हणायच्या. तिच्या तोंडाला कुलूप घातलं ते त्या खोक्याने.

पळतापळता गब्दू एकदा कपाळावर आपटली. टेंगूळ आलं. लेकीने लगेच खोलीभर अंथरायला फोमची चटई आणली, दोन बोटं जाड, पाय ठेवला की रुतणारी. ती अंथरली तो मंगळवार होता. मंगळवारी औषधांचं दुकान बंद असतं, त्यामुळे लेक घरी होती, मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मिस्तरीणबाई स्वयंपाकघरात होत्या. मिस्तरी दहाच्या चहाला वर आले. गब्दू नव्या चटईवर बसून ठोकळ्यांवर ठोकळे चढवत होती. चहा यायच्या आत एकदा नातीला हसवावं म्हणून त्यांनी खोकं तिच्या मागे ठेवलं आणि मारलं.

गब्दू वळली नाही.

त्यांनी जोरात मारलं. ती ठोकळे रचत राहिली. मिस्तरींनी सवयीप्रमाणे आधी खोकंच तपासलं. वरची फळी सुटली का, कुठे चीर गेली का. पेराने टकटक केलं. खोकं ठणठणीत होतं. आवाज खोलीभर भरला होता, त्यांच्या स्वतःच्या कानात अजून घुमत होता. मग त्यांनी डावा हात चटईवर पसरून ठेवला आणि उजव्याने मारलं. हाताला काही म्हणजे काही कळलं नाही.

तेव्हा त्यांनी खोकं आडवं करून त्याच्या पायांकडे बघितलं. कारण ही गोष्ट जगात दुसऱ्या कुणाच्या नसेल इतकी त्यांच्या हातातली होती. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोक्याला ते चार रबरी पाय स्वतः लावायचे. का लावायचे, हे तेहतीस वर्षं गिऱ्हाइकांना समजावून सांगायचे. रबर घातलं की थरथर जमिनीत उतरत नाही, नुसता आवाज हवेत राहतो. नातीच्या खोक्याला मात्र त्यांनी रबर लावलं नव्हतं. लाकडी पाय थेट लाकडी जमिनीवर, आणि ती जमीनही त्यांनीच घातलेली, ह्या टोकाला बोट वाजवलं तर त्या टोकाला कळावं अशी.

त्यांनी चटईचं एक टोक गुंडाळलं. गब्दूला उचलून उघड्या फळ्यांवर पाठमोरी बसवलं, खोकंही फळ्यांवर ठेवलं. धप्प. ती वळली आणि हसली. तिला चटईवर बसवलं. धप्प. काही नाही. पुन्हा खाली. वळली. पुन्हा चटईवर. नाही. असं त्यांनी सात वेळा केलं. मग टाळी वाजवली. शीळ घातली. "गब्दू," अशी हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग बापजन्मात कुणावर ओरडले नसतील तसे ओरडले, "गब्दू!"

"पोरीवर ओरडताय काय?" आतून मिस्तरीणबाई म्हणाल्या.

"काही नाही," मिस्तरी म्हणाले.

गब्दूने चौथा ठोकळा तिसऱ्यावर चढवला आणि आपणच आपल्यासाठी हसली.

मिस्तरींनी चटई गुंडाळून कपाटामागे उभी केली. दुपारी लेकीने चटई कुठे म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, "पोरगी घसरते त्याच्यावरून." लेक नुसतं "बरं," म्हणाली.

त्या दिवशीच त्यांनी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं, आणि रोज जेवताना तोंडात घास असल्यासारखे गप्प राहायचे. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून हॉस्पिटलला फोन केला आणि नाव न सांगता विचारलं, एखाद्या मुलाला ऐकू येत नाही हे उशिरा कळलं तर काय होतं? पलीकडची बाई म्हणाली, "जितकं लवकर आणाल तितकं चांगलं. किती महिन्यांचं आहे बाळ?" मिस्तरींनी फोन ठेवला. चौथ्या दिवशी त्यांनी खिळ्याला टांगलेले ते चार खुळखुळे काढले आणि एकेक करून कानाशी वाजवले. चारही गोड वाजत होते. एकातही काही खोट नव्हती. मग ते भुशाच्या ढिगावर बसून रडले. पॉलिशवाल्याने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

आता खरं सांगायचं तर त्यांना नातीचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त भीती स्वतःची वाटत होती. लेक आठ महिन्यांपूर्वी बरोबर होती. तिच्या हातात चिठ्ठी होती, वेळ ठरलेली होती, आणि ती मोडायला आपण मान हलवली होती. तिचं तोंड आता कसं होईल, ह्या एका विचाराने ते सुकत चालले होते. आणि तोंड लपवण्यात आणखी दिवस जात होते, हेही त्यांना कळत होतं. कळून काय उपयोग?

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी लेक जेवायला आली, गब्दूला भरवून झालं, तिचं तोंड पुसून झालं. मिस्तरी उठले आणि कपाटामागून चटई काढली.

"आता कशाला?" मिस्तरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी चटई अंथरली, गब्दूला त्यावर पाठमोरी बसवलं, मागे खोकं ठेवलं. हात उचलला, पण खाली येईना. लेक समोर बसली होती. तिने हातातलं फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं होतं आणि ती वडिलांच्या हाताकडे बघत होती.

धप्प.

गब्दूने मान वळवली नाही. मिस्तरींनी पुन्हा मारलं, पुन्हा मारलं.

"हिला जमिनीतून कळत होतं," ते म्हणाले. "बसल्या जागी, पायांना, ढुंगणाला. ऐकू येत नव्हतं. कधीच येत नव्हतं. तू म्हणत होतीस ते खरं होतं."

"अहो, काहीतरी अभद्र काय बोलताय!" मिस्तरीणबाईंनी गब्दूला झडप घालून उचललं, तिच्या कानाशी तोंड नेऊन "गब्दू, ए गब्दू, आजीकडे बघ," असं सुरू केलं. आजीचा श्वास कानाला लागला तशी गब्दू गुदगुल्या होऊन हसली. "बघा, हसली ना! बघा!" मिस्तरीणबाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या आणि मग त्यांचाच आवाज फुटला.

लेक किंचाळली नाही, रडलीही नाही. उठली, फोन घेतला, हॉस्पिटलचा नंबर लावला. "लवकरात लवकरची कुठली वेळ आहे?" तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली.

तपासणीची खोली आतून पूर्ण मऊ होती. भिंतींना फोम, छताला फोम, दार हातभर जाड. बाहेरचा एक आवाज आत येत नव्हता. असं काम मिस्तरींनी स्वतः केलं असतं तर महिनाभर मिरवलं असतं. गब्दूला औषध देऊन निजवलं, कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवल्या. पडद्यावर रेषा सरकत राहिल्या. कानांच्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच होत्या. आवाज वाढवत नेत होत्या आणि रेषा सपाटच राहत होत्या. मिस्तरींना त्यातलं काही समजत नव्हतं, पण बाईंचा चेहरा समजत होता.

"दोन्ही कान," शेवटी बाई म्हणाल्या. "जवळपास काहीच पोचत नाही." त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "पहिल्यांदा शंका कधी आली?"

लेक मांडीवरच्या मुलीकडे बघत राहिली.

"अकराव्या महिन्यात," मिस्तरी म्हणाले. "हिला आली होती. इथली वेळसुद्धा घेतली होती. मी मोडायला लावली. मी एक खोकं केलं होतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. लाकडाची जाडी, पाय, जमीन, चटई, एकही गोष्ट न गाळता सांगितली. कामाचं वर्णन करताना त्यांच्या आवाजात जी ऐट यायची ती आज कुठे नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवून ऐकून घेतलं. मग पेन उचललं आणि फॉर्मवर एवढंच लिहिलं, अकरा महिने. बाकीचं लिहायला त्यावर जागा नव्हती.

"आता एकोणीस," त्या म्हणाल्या. "यंत्रं लावून बघू. ऑपरेशनचाही विचार करावा लागेल. शिकेल ती, पण मेहनत जास्त पडेल, तिलाही आणि तुम्हालाही. गेलेले महिने मला परत आणता येणार नाहीत. पुढचे तेवढे घालवू नका."

त्या रागावल्या असत्या तर मिस्तरींना बरं वाटलं असतं.

बाहेर लांबलचक बोळात एक लाकडी बाक होता. लेक झोपलेल्या गब्दूला खांद्यावर घेऊन त्यावर बसली. मिस्तरी शेजारी टेकले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या बाकाला पेर लावलं नसेल.

"काहीतरी बोल मला," ते म्हणाले. "शिव्या दे. पण अशी गप्प बसू नकोस."

लेक समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "त्या मंगळवारी मी दारात होते, बाबा."

मिस्तरींना आधी समजलंच नाही.

"तुम्ही ओरडलात ना गब्दूवर? त्याच्याही आधीपासून. रिकामी बादली घेऊन आत येत होते. तुम्ही तिला उचलून खाली ठेवत होतात, परत चटईवर ठेवत होतात. मला सगळं दिसलं. मग मी परत गॅलरीत गेले आणि वाळत घातलेले कपडे काढून पुन्हा वाळत घातले."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." आता तिचा आवाज हलायला लागला. "रोज वाटायचं, आज सांगतील. आणि तुम्ही सांगायचा नाहीत. मग मला वाटायला लागलं, बाबा काही बोलत नाहीत, म्हणजे अजून काहीतरी असेल. तुमचा कान चुकत नाही ना? लहानपणापासून हेच ऐकत आलेय मी. तुमच्या तोंडून येत नाही तोवर ते खरं नाही, असं धरून बसले. आई असून बसले." तिने ओठ आवळले, पण रडू आवरलं नाही. "आठ महिने तुमचे, बाबा. ते नऊ दिवस माझेपण आहेत."

मिस्तरींनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच थांबवला. आपल्याला तो हक्क उरलाय का, हे त्यांना कळेना. दोघं रडत होती आणि समोरून माणसं, चाकांच्या खुर्च्या, औषधांच्या गाड्या जात होत्या.

"मी रागावलेय तुमच्यावर," लेक डोळे पुसत म्हणाली. "खूप. हे काही दोन दिवसांत जाणारं नाही."

"नको जाऊ दे."

"आणि मी माफबिफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

"घ्या आता हिला. माझा खांदा भरून आलाय."

मिस्तरींनी हात पुढे केले. गब्दूचं सबंध वजन त्यांच्या अंगावर आलं. औषधाच्या गुंगीत तिने कूस बदलली, नाक त्यांच्या मानेत खुपसलं आणि कुरकुरली. वर्षभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "झोप गं माझी राणी, झोप, आजोबा आहे ना..." आणि अर्ध्यावरच त्यांचं तोंड मिटलं. हे आपण कुणाला सांगतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. इतके दिवस कुणाला सांगत होतो, हेही आलं.

लेक पर्स खांद्याला अडकवून उभी राहिली होती. "थांबलात का?" ती म्हणाली. "बोला. बोलत राहा."

मग मिस्तरी बोलत राहिले. जिन्यावरून, आवारातून, रिक्षात बसेपर्यंत. काय बोलले ते त्यांना नंतर आठवलं नाही. लेकीला मात्र सगळं ऐकू येत होतं, आणि ती त्यांच्या दोन पावलं पुढे चालत होती.